डेस्ट्रिअर, कोर्सर, चार्जर : लढाईच्या घोड्याचं मराठी काय करावं?

खडूफळा :
मंडळी, माझं घोडं अडलंय, आणि अडलंयही घोड्यापाशीच.

एका इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीचा अनुवाद करते आहे. काळ चौदाव्या शतकातला, इंग्लंड आणि फ्रान्समधलं ते १३३७ ला सुरू होऊन १४५३ ला संपलेलं भांडण. एक सरदार मोहिमेवर निघतो, त्या प्रसंगाचा माझा पहिला खर्डा असा:

'सरदार घोड्यावरून पुढे चालला होता. मागून त्याचा पोऱ्या दुसऱ्या घोड्यावर, आणि पोऱ्याच्या हातात तिसऱ्या घोड्याचा लगाम.'

वाचून मलाच वाटलं, हे लढाईला नाही, जनावरांच्या बाजाराला निघालेत. मुळात 'हॉर्स' हा शब्द या वाक्यात एकदाही नाही. सरदार 'पालफ्री'वर आहे, पोऱ्या 'राउन्सी'वर, आणि हाताने चालवत आणलेला तो 'डेस्ट्रिअर'. लेखकाने तीन शब्दांत तीन वेगळी जनावरं उभी केलीत, मी तिघांना एका दावणीला बांधून मोकळी झाले.

कोशात डेस्ट्रिअरपुढे 'युद्धाश्व' आहे. चूक नाही, पण पोऱ्याच्या तोंडी 'धनी, युद्धाश्वाला पाणी दाखवलं' असं घालून बघा. शिवाय दहा पानांनी 'कोर्सर' येतो आणि शेवटच्या प्रकरणात 'चार्जर'. सगळेच युद्धाश्व? चार्जरचं वाक्य गंमत म्हणून यंत्राला भाषांतराला दिलं, तर उत्तर आलं: 'त्याने उडी मारून चार्जरवर बसला.'

तर डेस्ट्रिअर म्हणजे नेमकं काय, आज तो शब्द कोणी वापरतं का, आणि मराठीत त्याचं काय करू?

चहाटळ :
चार्जरवर बसला म्हणजे टक्केवारी वाढत असणार.

तळटीप :
खडूफळा, आधी एक गैरसमज काढून टाका. डेस्ट्रिअर ही घोड्याची जात नाही. पालफ्री, राउन्सी, कोर्सर हेही जाती नाहीत. मध्ययुगातली ही नावं कामावरून पडलेली आहेत. डेस्ट्रिअर प्रत्यक्ष लढाईचा आणि भाल्यांच्या खेळाचा. पालफ्री प्रवासाचा, शिकारीचा, आरामात बसायचा. राउन्सी पडेल ते काम करणारा, पोऱ्यांचा आणि साध्या शिपायांचा. सामान वाहणारा सम्प्टर आणखी निराळा. कोर्सर नावाप्रमाणे धावणारा; त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'धावणे' या धातूत आहे. तो डेस्ट्रिअरपेक्षा हलका आणि चपळ, आणि पुष्कळ लढवय्ये प्रत्यक्ष लढाईत यालाच पसंती देत. डेस्ट्रिअर महाग आणि दुर्मिळ. कादंबऱ्यांत आणि पडद्यावर प्रत्येक सरदाराच्या बुडाखाली डेस्ट्रिअर असतो, तितके ते खरोखर कधीच नव्हते.

आता व्युत्पत्ती, कारण तिच्यातच तुमचं उत्तर दडलंय असा माझा अंदाज आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचं उत्तरकालीन लॅटिन रूप 'डेक्स्ट्रारिउस', आणि त्याचं मूळ 'डेक्स्टर', म्हणजे उजवा. पोऱ्या स्वतःच्या घोड्यावर बसून या घोड्याला उजव्या हाताने चालवत आणायचा, म्हणून हा 'उजव्या हाताचा'. दुसरा एक कयास असा की धावताना उजवा पाय आधी टाकायला शिकवलेला घोडा, म्हणून हे नाव. मला पहिला पटतो.

म्हणजे बघा, या शब्दात ना लढाई आहे, ना घोडा. फक्त एक हात आहे, आणि तोही सरदाराचा नाही, नोकराचा.

खडूफळा :
बाप रे. आणि मी 'रणझुंजार' वगैरे विशेषणं जमवत बसले होते!

तळटीप :
अजून एक, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. लॅटिन 'डेक्स्टर' आणि आपला 'दक्षिण' हे सख्खे चुलतभाऊ आहेत. संस्कृतात दक्षिण म्हणजे मुळात उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे येते ती दक्षिण दिशा. त्याच दक्षिणचं प्राकृतातून झालं दख्खन. तेव्हा डेस्ट्रिअर आणि दख्खन एकाच घराण्यातले. खुद्द 'अश्व' आणि लॅटिन 'एक्वुस' यांचंही तेच नातं.

चहाटळ :
डावखुरा पोऱ्या नोकरीला ठेवत नसतील मग.

रिकीब :
चहाटळ, थट्टा सोडा, उजव्या हाताला पक्कं कारण आहे. मी गेली काही वर्षं घोडेस्वारी शिकतो आहे, म्हणून हाताला जे माहीत आहे ते सांगतो.

घोड्याजवळ जायचं ते त्याच्या डाव्या अंगाने. चढायचंही डावीकडूनच. याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण तलवार: ती डाव्या कमरेला लटकते, उजवीकडून चढायला गेलात तर पाय टाकताना मध्ये येईल. आता घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहून त्याला चालवत न्या. त्याच्या तोंडाशी धरायला कुठला हात जवळ येतो? उजवा. आणि तुम्ही स्वतः एका घोड्यावर बसून दुसरा सोबत नेत असाल तर आपला लगाम डाव्या हातात आणि दुसऱ्याची दोरी उजव्या हातात, म्हणजे तो घोडा आपोआप तुमच्या उजव्या अंगाला चालतो. मी हे करून बघितलंय. पहिल्या दहा मिनिटांत खांदा निखळेल असं वाटतं, कारण हाताने चालवलेला घोडा एक तर मागे ओढतो नाही तर आपल्या गुडघ्यावर येऊन रेलतो. त्या पोऱ्यांची मला कीव येते. त्यातून डेस्ट्रिअर बहुतेक वेळा वळू, म्हणजे न ठेचलेला नर. मुद्दाम तापट ठेवलेला.

आणि त्याच्यावर बसून प्रवास का करायचा नाही, तर तो लढाईच्या वेळी ताजा हवा. दिवसभर चालून दमलेल्या घोड्यावरून चिलखत घालून तुटून पडता येत नाही. पालफ्रीचा गुण त्याच्या चालीत. चालणं आणि दुडकी यांच्या मधली एक सुखाची चाल असते, त्यात पाठ हलत नाही. आपल्याकडे तिला रहवाल म्हणतात. पालफ्रीला मराठीत 'रहवाल घोडा' बिनदिक्कत म्हणा.

खडूफळा :
रिकीब, रहवाल उचलला! राउन्सीला 'तट्टू' चालेल?

रिकीब :
तट्टू म्हटलं की थोडी हेटाळणी येते. राउन्सी इतकाही गयागुजरा नव्हता. पण सरदाराच्या मागून येणाऱ्या पोऱ्याखाली तट्टूच शोभतं. घ्या.

तळटीप :
हेटाळणी राउन्सीच्या खानदानातही आहेच. त्याचा स्पॅनिश भाऊ 'रोसीन', म्हणजे भाकड तट्टू. स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव रोसिनान्ते त्यावरूनच बेतलंय: आधी होता तट्टू, आता सगळ्या तट्टांच्या आधी. घोड्यांच्या शब्दांची घसरगुंडी हा मोठा विषय आहे. 'हॅकनी' म्हणजे भाड्याने मिळणारा घोडा. त्याचा झाला 'हॅक', पैसे घेऊन काहीही खरडून देणारा लेखक. आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला म्हणतात 'हॅकनीड'. मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे चाललेली आहे. भाडोत्री तट्टू!

उलट 'पालफ्री'ची चढती भाजणी. मूळ लॅटिन शब्द टपालाच्या जादा घोड्यासाठी होता. इंग्रजीत तो सरदारांचा आणि राण्यांचा घोडा झाला, आणि जर्मनमध्ये त्याच शब्दाचं 'फेर्ड' होऊन सरसकट सगळ्याच घोड्यांना लागला.

अर्धविराम :
वाचतेय. चार्जरचं काय पण? तो शब्द मला कायम आधुनिक वाटत आलाय.

तळटीप :
तुमचा कान बरोबर आहे. चार्जर हा चौदाव्या शतकाचा शब्दच नाही. घोडा या अर्थाने तो अठराव्या शतकात रुळला, बंदुका आणि तोफांच्या जमान्यात. चढाईत अधिकारी ज्यावर बसून जातो तो चार्जर. साध्या स्वाराच्या घोड्याला तो मान नाही, तो नुसता 'ट्रूप हॉर्स'. तेव्हा खडूफळाच्या लेखकाची शेवटच्या प्रकरणात चार शतकांची गल्लत झाली आहे. अनुवादात ती गुपचूप दुरुस्त करावी की नाही हा वेगळा धागा होईल.

चार्जरचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा घोडा कोपनहेगन. १८०८ चा जन्म. १८१५ ला वॉटर्लूच्या मैदानात तो दिवसभर वेलिंग्टनला पाठीवर घेऊन हिंडला. रात्री मालक खाली उतरला आणि कौतुकाने थोपटायला गेला, तर याने लाथ झाडली. दिवसभर तोफांतून वाचलेला माणूस आपल्याच घोड्याच्या लाथेतून थोडक्यात वाचला. १८३६ ला कोपनहेगन मेला तेव्हा त्याला लष्करी इतमामाने पुरलं.

'चार्ज'चा प्रवास मात्र मराठी माणसाने वाचण्यासारखा आहे, कारण त्याचे सगळे अर्थ आपण उसने घेऊन बसलो आहोत. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. तिच्यावरून धातू झाला 'गाडीत माल भरणे'. भरणे म्हणून बंदुकीत दारू भरणे, तो चार्ज. खांद्यावर टाकलेलं ओझं म्हणून जबाबदारी: साहेबांनी चार्ज घेतला. डोक्यावर ठेवलेला आरोप: चार्जशीट. खिशावर पडलेला भार: चार्जेस किती? अंगावर धावून जाणं: लाठीचार्ज. आणि बॅटरीत भरली जाते ती वीज. घोडा आला धावून जाण्याच्या अर्थातून, फोनचा चार्जर आला भरण्याच्या अर्थातून.

तिसराही एक चार्जर आहे, मोठं ताट. जुन्या इंग्रजी बायबलात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर 'चार्जर'मध्ये ठेवून आणतात. मराठी बायबलात तिथे तबक आहे. हाही भरण्यातूनच आला, ज्यावर पदार्थ लादायचे ते.

चहाटळ :
यंत्राने तिथे काय केलं असतं याची कल्पना करवत नाही.

कोशवाले :
नमस्कार. उशिरा आलो, पण तळटीपरावांनी ओझ्याचा विषय काढला म्हणून लिहितो.

चार्जमध्ये जे झालं तेच फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'बार' या शब्दात दिसतं. फारसीत बार म्हणजे ओझं. माल बांधायचं ते बारदान. आणि बंदुकीत काय भरतात? बार. बार भरला, बार उडाला, बार फुसका निघाला. ओझ्यावरून दारूगोळ्यापर्यंत यायला इंग्रजी ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने हाही शब्द गेला, मला तरी नातं उघड दिसतं.

आता गंमत पुढे आहे. 'बारगीर' शब्द आपण मराठेशाहीच्या इतिहासात वाचतो. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारी पागेतला घोडा घेऊन लढतो तो बारगीर. पण फारसीत बारगीर म्हणजे शब्दशः ओझं घेणारा, म्हणजे लादणीचं जनावर, घोडा. आपल्याकडे येता येता घोड्याचं नाव स्वाराला चिकटलं. बंगालीत त्याचाच 'बर्गी' झाला आणि पोरांना झोपवायला भीती घालू लागला. तुर्कीत मात्र तो घोडाच राहिला, 'बेय्गिर'. तिथे इंजिनाची अश्वशक्ती मोजतात ती बेय्गिरमध्येच.

पागेतले शब्द कुठल्या कुठे पोचतात पाहा. इंग्रजीतला 'मार्शल' मुळात जर्मानिक भाषांतला घोड्याचा नोकर, मोतद्दार. 'कॉन्स्टेबल' म्हणजे तबेल्याचा अधिकारी. एक सेनापती झाला, एक पोलीस चौकीत बसला. हसू नका, जुने मराठी कोश उघडा आणि 'खासदार' शब्द काढा. अर्थ दिलाय: घोड्याची चाकरी करणारा, मोतद्दार.

चहाटळ :
काका, हे निवडणुकीच्या आधी सांगायचं होतं.

अर्धविराम :
म्हणजे मार्शलला बाहेर काढायला सभागृहात खासदार लागतात की खासदाराला बाहेर काढायला मार्शल, दोघेही तबेल्यातलेच!

कोशवाले :
असो. खडूफळाताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तळटीपरावांनी सांगितलेली व्युत्पत्ती वाचल्यापासून एक शब्द डोक्यात घोळतोय. 'कोतल'.

कोतल म्हणजे हाताने धरून चालवलेला, खोगीर घालून सजवलेला, पण पाठीवर स्वार नसलेला घोडा. मोठ्या माणसाची स्वारी निघाली की पुढेमागे असे कोतल चालत. शब्द बाहेरून आलेला, फारसी-तुर्कीकडचा, आणि हिंदीतही आहे. तिथे त्याचे अर्थ वाचण्यासारखे आहेत: मिरवणुकीतला रिकामा घोडा, राजाच्या खास बसण्याचा घोडा, आणि गरजेच्या वेळी लागेल म्हणून सोबत ठेवलेला घोडा. तुमचा पोऱ्या उजव्या हाताने जे चालवत आणतोय ते याहून वेगळं काय आहे?

रिकीब :
काका, दंडवत.

खडूफळा :
कोशवालेकाका!! मी तीन दिवस 'युद्ध' या टोकाकडून शोधत होते. हाताच्या टोकाकडून शोधायचं सुचलंच नाही.

तळटीप :
टाळ्या वाजवून झाल्यावर आक्षेप नोंदवतो. शब्द देखणा आहे, पण तो मिरवणुकीचा आहे. कोतल म्हटलं की डोळ्यांपुढे झूल, गोंडे, वाजंत्री येतात. डेस्ट्रिअर म्हटलं की चिखल आणि तुटलेले भाले यायला हवेत. शिवाय एकदा सरदार डेस्ट्रिअरवर बसला की तो डेस्ट्रिअरच राहतो. कोतलवर स्वार बसला तर तो कोतल राहतो का?

कोशवाले :
आक्षेप मान्य. स्वार बसल्यावर तो कोतल नाही, नुसता घोडा. पण मग इंग्रजीतही तेच नाही का झालं? लढताना त्याला कोणी हाताने चालवत नसे, तरी नाव हाताचंच राहिलं. शब्द सवयीने टिकतात. कादंबरीत दहा वेळा आला की वाचक कोतलच्या पाठीवरही माणूस बसवून घेतील.

तळटीप :
बसवतील, पण त्यासाठी ताईंना पहिल्या वेळी 'लढाईचा कोतल' असं म्हणावं लागेल. नुसता कोतल सोडला तर सरदार लग्नाला निघाल्यासारखा वाटेल.

खडूफळा :
हे पटलं. पहिल्यांदा 'लढाईचा कोतल', पुढे जिथे हाताने चालवणं दिसतंय तिथे 'कोतल', आणि सरदार वर बसून लढतोय तिथे सरळ 'घोडा'. पोऱ्या त्याच्याशी बोलतो तेव्हा तर नावानेच हाक मारतो, तिथे प्रश्नच नाही. कोर्सरला 'तेज घोडा', कारण तिथे लेखकाचं सगळं लक्ष वेगावरच आहे.

अर्धविराम :
आणि आज तो शब्द वापरतात का, त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही.

तळटीप :
रोजच्या इंग्रजीत नाही. इतिहासाची पुस्तकं, ऐतिहासिक आणि अद्भुत कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, एवढंच त्याचं राज्य. आणि तो जुनाट वाटण्याची सुरुवातही फार जुनी आहे. इंग्रजी कवी चौसरने चौदाव्या शतकाच्या शेवटी सर थोपासची जी विडंबनकथा लिहिली, तिच्यात हा शब्द आहे. बाता मारून झाल्यावर वीर कुठे झोपणार तर उघड्यावर, आणि शेजारी त्याचा डेस्ट्रिअर छान छान गवत चरतोय! थट्टेसाठी शब्द वापरावासा वाटतो तेव्हा तो भारदस्तपणाच्या पलीकडे गेलेला असतो. आपल्याकडे 'वारू'चं तेच झालं. कवितेत डौलदार, पण कोणी बोलण्यात 'माझा वारू' म्हटलं की समोरचा त्याच्या दुचाकीकडे बघतो. 'स्टीड' हा इंग्रजीतला आपला वारूच.

आज बोलण्यात जिवंत आहे तो 'वॉरहॉर्स', आणि तोही माणसासाठी. अनेक लढाया लढून उरलेला पुढारी, वकील, खेळाडू. संगीतात त्याला खवचट छटा आहे: दर मैफलीत वाजवून वाजवून झिजलेली रचना. माणसासाठी असेल तर आपलं 'मुरब्बी' किंवा 'कसलेला' पुरतं. तिथे कृपा करून 'युद्धाचा घोडा' लिहू नका. एका ज्येष्ठ नेत्याच्या मृत्यूच्या बातमीत 'पक्षाचा जुना युद्धघोडा हरपला' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय.

चहाटळ :
पक्षाने खासदार पाठवला असेल त्याच्या चाकरीला.

मुखपृष्ठ :
पहिल्यांदाच लिहितोय. मी चित्रं काढतो, आणि असल्या घोड्यांची बरीच काढली आहेत. माझ्या चित्रातला डेस्ट्रिअर म्हणजे डोंगर. बैलासारखी मान, खुरांवर केसांचे झुबके, माणसाचं डोकं त्याच्या छातीला लागतं. चिलखताचं वजन पेलायचं तर एवढा लागणारच ना?

रिकीब :
मुखपृष्ठ, वाईट वाटून घेऊ नका, पण हा डोंगर पोखरून झालाय. सबंध पोलादी चिलखताचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो. ते अंगभर वाटलेलं असतं, घालून माणूस पळू शकतो, स्वतःच घोड्यावर चढू शकतो. सरदाराला यारीने उचलून खोगिरावर ठेवत ही निव्वळ दंतकथा. तेवढं वजन उचलायला अजस्र घोडा कशाला?

इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठ आणि इतरांनी घोड्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास केला. साधारण इसवी सन ३०० ते १६५० या काळातली, १७१ उत्खननस्थळांवरची हाडं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. मध्ययुगातले बहुतेक घोडे १४.२ हँडच्या आत, म्हणजे आज ज्याला पोनी म्हणतात त्या उंचीचे. नॉर्मन काळातला, म्हणजे १०६६ नंतरच्या काळातला, सगळ्यात उंच घोडा ट्रोब्रिज किल्ल्यावरचा, तोही साधारण १५ हँडचा. आज तशा घोड्यावर शिकाऊ लोक बसतात, मीही बसतो.

आठव्या हेन्रीच्या १५४० च्या कायद्यात काही परगण्यांच्या सामाईक कुरणांवर १५ हँडांहून खुजे वळू सोडायला मनाई केली होती. सोळाव्या शतकातही १५ हँड ही गाठायची उंची होती, हे त्यावरून कळतं. संग्रहालयात उरलेली घोड्यांची चिलखतं मात्र १५ ते १६ हँडांच्या घोड्यांना बसतील अशी आहेत, पण ती उशिराच्या काळातली आणि बड्या लोकांची.

मुखपृष्ठ :
म्हणजे मान जाड ठेवायची आणि पाय कापायचे. बरं. पण १४.२ म्हणजे किती? सव्वाचौदाच्या जरा खाली?

रिकीब :
इथेच सगळे फसतात. तो दशांश नाही. एक हँड म्हणजे चार इंच. १४.२ म्हणजे चौदा हँड आणि वर दोन इंच. चौदा चोक छप्पन्न आणि दोन, अठ्ठावन्न इंच. चार फूट दहा इंच. १४.३ नंतर थेट १५ येतं. आणि मोजायचं ते डोक्यापर्यंत नाही, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत, कारण डोकं घोडा वर-खाली करतो.

कोशवाले :
रिकीबराव, तुम्ही 'हँड' म्हणालात, 'हात' नाही म्हणालात, हे फार बरं केलंत. आपला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस अंगुळं, साधारण दीड फूट. इंग्रजांचा हँड म्हणजे तळव्याची रुंदी. त्याला फार तर 'मूठ' म्हणता येईल. पंधरा हँड म्हणजे पाच फूट. पंधरा हात म्हणजे साडेबावीस फूट. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत तोंड घालेल असा घोडा.

चहाटळ :
मुखपृष्ठ, तुमचं चित्र कमीच पडलं की हो.

खडूफळा :
थांबा. थांबा थांबा.

तिसऱ्या प्रकरणात व्यापारी घोडा दाखवतो तिथे मी काय लिहिलंय ते आत्ता उघडून पाहिलं. 'पंधरा हात उंच, मालक, याच्याएवढं जनावर या मुलखात नाही.' ती प्रकरणं मागच्या आठवड्यात अक्षरजुळणीला गेली. शोधून पाहिलं, एकूण चार ठिकाणी आहे. एका ठिकाणी तर पोऱ्या त्याच्या पाठीवर खरारा करतोय.

आधी फोन करून येते. तोवर प्रसंगाचं नवं वाक्य ठेवून जाते, झोडपा:

'सरदार रहवाल घोड्यावरून पुढे चालला होता. मागून तट्टावर पोऱ्या, आणि पोऱ्याच्या उजव्या हाताला, रिकाम्या पाठीचा, लढाईचा कोतल.'

रिकीब :
'उजव्या हाताला' ठेवलंत. मस्त. फक्त पोऱ्याचा खांदा दुखतोय असं पुढे कुठेतरी येऊ द्या.

तळटीप :
मूळ लेखकाने तो दुखवला असेल तरच.

खडूफळा :
फोन झाला. चारही हात कापले, पाच फूट केले. आणि हो, लेखकाने दुखवलाय खांदा, पुढच्याच पानावर. उजवाच.